कलर केलेल्या केसांचा रंग लवकर उतरू नये म्हणून घरात काय करावं?

छत्रपती संभाजीनगरच्या एका ताईंनी विचारलंय. वय ४४. पार्लरमध्ये डार्क ब्राउनवर बरगंडी झाक असलेला रंग करून घेतला. पहिले दहा-बारा दिवस सगळ्यांनी कौतुक केलं. तिसऱ्या आठवड्यात बरगंडी गेली, टोकं विटकरी दिसायला लागली आणि भांगात पांढरे केस डोकावू लागले. घरी पाणी बोअरचं. शेजारच्या काकूंनी लिंबू लावायला सांगितलं, एका व्हिडिओत चहाच्या पाण्याने केस धुवायला सांगितलं, जाऊबाई म्हणतात वरून मेहंदी चोपड. ताईंना घरातलं, नैसर्गिक असं काहीतरी हवंय ज्याने रंग टिकेल. शिवाय दिवाळी तोंडावर आलीय, तर पुन्हा रंग आधी करायचा की नंतर, हेही विचारलंय.

ताई, वीसेक वर्षं हेअर कलरचंच काम करतेय, त्यामुळे आधी एक गोष्ट सरळ सांगते. केसात गेलेला रंग धरून ठेवेल असा पदार्थ स्वयंपाकघरात नाही. ओढणीचा रंग जाऊ नये म्हणून आपण ती मिठाच्या पाण्यात भिजवतो, तसं काही केसांना लागू पडत नाही. मीठ केस कोरडे करतं, एवढंच. घरातल्या ज्या गोष्टींचा खरंच उपयोग होतो, त्या रंगाला काही करत नाहीत. केसात पाणी कमी शिरू देणं आणि केसाचं वरचं आवरण मिटलेलं ठेवणं, एवढंच त्या करतात. हे लक्षात ठेवलंत की कोणी कुठलाही नुस्खा सांगितला तरी तो कामाचा की बिनकामाचा हे तुमचं तुम्हालाच कळेल.

पार्लरमध्ये बाउलमध्ये जे कालवतात त्यात दोन गोष्टी असतात, ट्यूबमधलं क्रीम आणि बाटलीतलं डेव्हलपर. क्रीममध्ये अमोनिया किंवा त्याच्या जागी दुसरं एखादं अल्कली असतं. त्याने केसावरचे खवले, म्हणजे क्युटिकल, फुलून उघडतात. मग रंग नसलेले छोटे रेणू आत शिरतात, आणि डेव्हलपरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे ते एकमेकांना जोडले जाऊन मोठे, रंगीत रेणू तयार होतात. मोठे झाल्यामुळे ते आत अडकतात. तुम्ही ‘रंग’ म्हणता तो हाच.

पण तेच पेरॉक्साइड त्याच वेळी आणखी एक काम करतं. तुमच्या केसातलं मूळचं काळं रंगद्रव्य ते थोडं फिकं करतं. डेव्हलपरवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असेल तर त्यात ६ टक्के पेरॉक्साइड असतं, ३० व्हॉल्यूममध्ये ९ टक्के. आपले काळेभोर केस जरासे उजळले की तांबूस होतात, आणखी उजळले की नारिंगी. म्हणजे वरचा ब्राउन आणि बरगंडी धुपून गेला की खाली तुमचा जुना काळा रंग उरलेला नसतोच. खाली असतो तो हाच तांबूस. तुमची टोकं विटकरी दिसतात ती रंग खराब झाल्यामुळे नाही, तर खालचा उजळलेला केस उघडा पडल्यामुळे. लिंबू, चहा, दही यातलं काहीही त्या तांबूसपणाला परत काळं करणार नाही. त्यात बरगंडी म्हणजे लाल-जांभळा, आणि सगळ्या शेड्समध्ये लाल सर्वांत आधी उतरतो. हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. तुमच्या पार्लरमध्ये ते रंग लावण्याआधीच सांगायला हवं होतं.

भांगातले पांढरे हा तर वेगळाच विषय. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात मुळाशी नवा, न रंगवलेला केस दिसणारच. तो रंग उतरलेला नाही, रंग तिथे कधी लागलेलाच नव्हता. माझ्याकडे ‘रंग टिकत नाही’ म्हणून येणाऱ्या निम्म्या बायकांची तक्रार खरं तर मुळांची असते. त्यावर घरगुती उपाय शोधण्यात वेळ घालवू नका. फक्त मुळांना टच-अप करायचं, आणि तो करताना दर वेळी पूर्ण लेंग्थला पुन्हा डेव्हलपर लावू द्यायचं नाही. दर महिन्याला टोकापर्यंत रंग ओढला की टोकं आणखी उजळतात, आणखी सच्छिद्र होतात आणि रंग आणखी लवकर सोडतात. घरी पाकिटातला रंग लावणाऱ्यांनी तर हे खास लक्षात ठेवावं.

आता मुख्य चोर, पाणी. शाम्पूला सगळे शिव्या घालतात, पण नुसत्या पाण्यानेही रंग जातो. केस ओला झाला की फुगतो, त्याची जाडी साधारण १५ टक्क्यांनी वाढते. खवले वर उचलले जातात आणि आतले सुटे रेणू बाहेर पडायला वाट मिळते. पाणी जितकं गरम, तितका हा प्रकार जास्त. त्यामुळे रंग टिकवायचा सर्वांत परिणामकारक ‘घरगुती उपाय’ फुकट आहे: रोज डोक्यावरून आंघोळ करायची नाही. आठवड्यातून दोनदा पुरे. उन्हाळ्यात घाम फार येत असेल तर तीनदा. अधल्यामधल्या दिवशी केस वर बांधून शॉवर कॅप घाला. गीझरचं कढत पाणी अंगाला घ्या, डोक्याला कोमटच. रंग केल्यावर पहिले दोन-तीन दिवस तर केस धुवायचेच नाहीत. तेवढ्या वेळात फुललेले खवले पुन्हा बसतात.

बोअरच्या पाण्याकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच होती आणि तुम्ही ती सहज लिहून गेलात. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बऱ्याचदा भरपूर असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा, म्हणजे या क्षारांचं प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानलाय आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय. कडक उन्हाळ्यात पातळी खाली गेलेल्या बोअरचं पाणी या वरच्या टोकाकडे झुकलेलं असू शकतं. असे क्षार केसावर बसतात. मग केस हाताला खरखरीत लागतो, चमक जाते, रंग आहे तसा असूनही धुरकट दिसतो, आणि शाम्पूला फेस येत नाही म्हणून आपण आणखी शाम्पू घेतो. नळाच्या तोटीवर पांढरा थर जमतो ना, तोच. मुंबईत तलावाचं मऊ पाणी वापरणारी बाई आणि बोअरवर असणारी बाई, दोघींनी एकाच दिवशी एकच शेड केली तरी महिन्याभराने दोघींचे केस वेगळे दिसतात.

यावर करण्यासारखं बरंच आहे. शेवटचं पाणी बदला. म्हणजे शाम्पू-कंडिशनर बोअरच्या पाण्याने धुतलं तरी शेवटचे दीड-दोन लिटर पिण्याच्या पाण्याचे, फिल्टरचे, केसांच्या लांबीवरून सोडा. आरओ मशीन असेल तर त्यातून जे शुद्ध पाणी येतं तेच घ्या. त्याच्या दुसऱ्या नळीतून जे फेकायचं पाणी येतं, ते बादलीत साठवून लादी पुसायला वापरता, ते उत्तमच, पण ते केसांना लावू नका. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार गोळा झालेले असतात. ‘वाया जाऊ नये म्हणून’ त्याच पाण्याने केस धुणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आरओ नसेल तर आदल्या रात्री पाणी खळखळून उकळा आणि झाकून ठेवा. सकाळी तळाशी पांढरा गाळ बसलेला दिसेल. वरचं निवळलेलं पाणी अलगद ओतून घ्या. सगळा कठीणपणा जात नाही, पण उकळल्याने जो जाण्यासारखा असतो तो जातो.

याच शेवटच्या पाण्यात व्हिनेगर. हा माझा आवडता उपाय, आणि घरगुती उपायांमध्ये याच्यामागे खरंच काहीतरी कारण आहे. केसाला आंबट म्हणजे किंचित आम्ल पाणी मानवतं, त्यात खवले मिटतात. रंगाचं मिश्रण, अंगाचा साबण, खायचा सोडा हे सगळं अल्कधर्मी, त्यात ते फुलतात. शिवाय आम्लात केसावरचे क्षार सुटून येतात. किराणा दुकानात मिळणारं साधं पांढरं व्हिनेगर साधारण ४ टक्क्यांचं असतं, तेच चालतं. महागडं सफरचंदाचं घ्यायची गरज नाही. एक लिटर फिल्टरच्या पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर. बोअरचंच पाणी वापरावं लागत असेल तर दोन चमचे, कारण कठीण पाणी थोडं आम्ल खाऊन टाकतं. कंडिशनर धुतल्यावर हे लांबीवरून सोडा, दोन मिनिटं थांबा, साध्या पाण्याचा एक मग घ्या आणि संपवा. वास केस वाळला की जातो. आठवड्यातून एकदा, फार तर. टाळूवर खाज, खरूज, ओरखडा, ताजं वॅक्सिंग असेल तिथे नको, आणि बाटलीतून थेट डोक्यावर तर कधीच नको. ‘जास्त घातलं की जास्त टिकेल’ हे गणित इथे चालत नाही. जास्त आम्लाने केस कडक आणि कोरडे होतात.

मग लिंबू का नको, तेही आम्लच आहे, असं काकू विचारतील. एका लिटरमध्ये दोन चमचे गाळलेला रस इतकं पातळ असेल तर लिंबूही चालेल. पण लिंबू कोणी असं लावत नाही. अर्धं लिंबू कापून टाळूवर चोळतात, किंवा दोन लिंबं दह्यात पिळतात, आणि मग गच्चीत उन्हात केस वाळवायला बसतात. लिंबाचा दाट रस आणि ऊन एकत्र आलं की केस उजळतो. म्हणजे तुमच्या विटकरी टोकांना जे नको आहे नेमकं तेच. कपाळावर, मानेवर ओघळलेल्या रसावर ऊन पडलं तर त्वचेवर भाजल्यासारखे काळे डाग येतात, ते वेगळंच. काकूंना व्हिनेगरची बाटली दाखवा.

कोकणातल्या एका गिऱ्हाईकाने मला विचारलं होतं, व्हिनेगरऐवजी कोकमाचं आगळ चालेल का. आंबट आहे, घरचं आहे, कल्पना वाईट नाही. पण आगळात मीठ असतं आणि त्याचा स्वतःचा लाल रंग असतो, तो टॉवेलला जास्त लागेल. आगळाची सोलकढी करा.

तेलाबद्दल आपल्याकडे दोन टोकं आहेत. पार्लरवाल्या म्हणतात कलर केल्यावर तेल बंद. आई म्हणते तेल लावल्याशिवाय केस टिकतील कसे. तुमच्यासारख्या पक्क्या रंगात तेलाने रंग फारसा निघत नाही. रंग निघतो तो तेल काढण्यासाठी केलेल्या दोन-तीन शाम्पूंमुळे आणि कढत पाण्यामुळे. रात्रभर तेलाने केस चोपडून ठेवायचे आणि सकाळी ते निघत नाही म्हणून घासत बसायचं, यात रंगाचं नुकसान आहे. पण खोबरेल योग्य वेळी, योग्य मापाने लावलं तर ते रंगाच्या बाजूचं आहे. मुंबईतल्या, खोबरेल तेलाच्याच व्यवसायातल्या एका कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. धुण्याआधी किंवा नंतर लावल्यावर केसातलं प्रथिन वाहून जाणं स्पष्टपणे कमी केलं ते फक्त खोबरेलाने, चांगल्या केसातही आणि ब्लीच वगैरेने खराब झालेल्या केसातही. कारण त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं, ते केसाच्या आत शिरतं. बाकीची तेलं बहुतेक वरच राहतात. तो अभ्यास प्रथिनाचा होता, रंगाचा नव्हे, हे सांगायला हवं. पण आत तेल असलेला केस पाण्यात कमी फुगतो, आणि आपल्याला तेच हवं आहे.

म्हणून असं करा. धुण्याआधी तासभर, दोन-तीन छोटे चमचे खोबरेल, टाळूला नाही, कानाखालच्या लांबीला आणि टोकांना. केस निथळेपर्यंत नाही, नुसते मऊ लागतील एवढंच. मग पाणी न लावता त्याच तेलकट लांबीवर मूठभर कंडिशनर फिरवा आणि पाच मिनिटांनी धुवा. कंडिशनर तेल सोडवून घेतो. त्यानंतर शाम्पू एका मगमध्ये पाण्यात फेटून टाळूवर ओता, एकदाच. लांबीवर फेस ओघळेल तेवढाच तिला पुरे. यात शाम्पू निम्मा लागतो. शाम्पू सल्फेटवाला आहे की बिनसल्फेटचा यावर लोक फार भांडतात. तुमचा सौम्य असेल तर चांगलंच, पण महागडा सल्फेट-फ्री शाम्पू घेऊन रोज गरम पाण्याने न्हाल तर पैसे पाण्यात. एक अपवाद: निळे, गुलाबी, जांभळे असे फॅशनचे रंग पक्के नसतात, ते केसाच्या बाहेरच्या भागात नुसते बसलेले असतात. तुमच्या मुलीने तसं काही केलं असेल तर तिला तेल लावू देऊ नका. तिचा रंग तेलातही उतरेल आणि उशीच्या अभ्र्यावरही.

शिकेकाई नैसर्गिक म्हणून रंगाला चांगलीच असेल, असं बऱ्याच जणींना वाटतं. शिकेकाईच्या काढ्यात सॅपोनिन असतं, ते साबणासारखं मळ काढतं, आणि काढा साबणाइतका अल्कधर्मी नसतो, हे खरं. पण पूड लावून केसावर चोळली की तिचे कण घासतात. काढा करून, दोनदा गाळून वापरलात तर चालेल. डार्क शेडवर हरकत नाही, सोनेरी हायलाइट्स असतील तर ते मळकट होतील. रिठा मात्र कलर केलेल्या केसांना मी देत नाही. तो फार कोरडं करतो. बेसन, मुलतानी माती, खायचा सोडा यांना तर केसांच्या लांबीपासून लांबच ठेवा. सोड्याने खवले उघडतात, म्हणजे आपण व्हिनेगरने जे करतो त्याच्या नेमकं उलट.

दही चांगलं. आंबट आहे, मऊपणा देतं. अर्धी वाटी ताजं दही लांबीला वीस मिनिटं, मग कोमटपेक्षा थंड पाण्याने धुवा. रात्री भिजवलेली मेथी वाटून त्यात घातली तर तिच्या बुळबुळीतपणामुळे केस आणखी सुळसुळीत होतात, पण मेथीचे कण काढताना तुम्ही जितकं पाणी वापराल ते लक्षात घ्या. मेथी मलमलच्या फडक्यातून गाळून घेतली तरच घाला. जास्वंदीची पानं, जवसाचा जेल, कोरफडीचा गर हेही त्याच वर्गातले: केसावर पातळ थर बसतो, गुंता कमी होतो, चमक दिसते, रंग तसाच असूनही उठून दिसतो. कोरफडीचं पान कापल्यावर पिवळा चीक निथळू द्या, त्याने खाज सुटते. तांदळाचं धुवण एक दिवस ठेवून किंचित आंबलं की तेही शेवटच्या पाण्यासारखं वापरता येतं. अंड्यातलं प्रथिन केसाच्या आत शिरत नाही आणि गरम पाण्याने डोक्यावर आम्लेट होतं, त्यामुळे ते खाल्लेलं बरं. कांद्याचा रस रंगासाठी काहीच करत नाही आणि सच्छिद्र झालेल्या केसात त्याचा वास मुक्काम करतो. मधाने केस पांढरे होतात ही भीती घरोघरी आहे. पिकणं वेगळं, ते मधाने होत नाही. पण कच्चा मध पाण्यात मिसळला की त्यात थोडंसं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, तेव्हा रंगवलेल्या केसावर तासन् तास मध ठेवायचं कारण नाही.

चहाचं पाणी. दोन मोठे चमचे साधी चहा पूड, दोन कप पाणी, दाट उकळून, पूर्ण थंड करून, गाळून, धुतलेल्या केसांवर पंधरा मिनिटं. दूध-साखर नको, हे सांगावं लागतं, हसू नका. यातल्या टॅनिनचा हलका तपकिरी थर केसावर बसतो आणि विटकरीपणा थोडा दबतो. पुढच्या धुण्यात बहुतेक निघून जातो. म्हणजे हा रंग टिकवणं नाही, रंगावर पातळ रंग चढवणं आहे. लग्नाला जायचंय आणि टच-अपला वेळ नाही अशा दिवशी करा. रोजचा कार्यक्रम केलात तर केस कोरडे होतील. कॉफीचंही तसंच. बीटाचा रस लावून बरगंडी परत येईल असं कोणी सांगितलं तर बीटाची कोशिंबीर करा. त्याचा रंग केसाला चिकटत नाही आणि उजेडात टिकतही नाही.

आता जाऊबाईंची मेहंदी, इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण बाकी उपायांत फार तर वेळ वाया जातो, इथे केस जाऊ शकतात. शुद्ध मेहंदीतलं लॉसोन, म्हणजे तिचं रंगद्रव्य, केसाच्या प्रथिनाला पक्कं चिकटतं आणि सहसा उतरत नाही. रंग टिकण्यातच पाहिलं तर मेहंदीला तोड नाही. पण ती लालसर-नारिंगी आहे. विटकरी टोकांवर लावलीत तर टोकं आणखी तांबडी होतील, आणि पुढे पार्लरमध्ये ब्राउन हवा असेल तर तो मेहंदीवर सारखा बसणार नाही. मेहंदीवर नीळ, म्हणजे नीळीच्या पानांची पूड, लावून तपकिरी-काळा रंग आणता येतो. तो पहिल्या एक-दोन दिवसांत हवेशी संपर्क येऊन गडद होतो. पण त्यातली नीळ आधी उतरते आणि खालची लाल मेहंदी राहते. फार उजळलेल्या केसावर नुसती नीळ लावली तर हिरवट झाक येते. ती काढणं आमच्यासाठीसुद्धा डोकेदुखी असते.

आणि बाजारातली प्रत्येक मेहंदी मेहंदी नसते. ‘काळी मेहंदी’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पाकिटांत पीपीडी असतं, म्हणजे पक्क्या रंगातलंच रसायन, फक्त हिरव्या पाकिटात. ते तासाभरात काळं करत असेल तर समजून घ्या. काही पुडींत धातूंचे क्षार घातलेले असतात. असे क्षार बसलेल्या केसावर पुढे पार्लरमध्ये पेरॉक्साइड लागलं की केस गरम होतात, तुटतात. लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेला आवळा किंवा मेहंदीही याच कारणासाठी पार्लरमध्ये सांगायला हवी: आवळ्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून तो काळा रंग होतो, म्हणजे केसावर लोह बसतं. शंका असली की आम्ही चार केस कापून ते २० व्हॉल्यूम पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या थेंबांत अर्धा तास ठेवून बघतो. मिश्रण तापलं, फसफसलं किंवा केसाचा रंग भलताच बदलला तर त्या दिवशी कलर नाही. तेव्हा मेहंदी लावायचीच असेल तर एकच रस्ता धरा. कायमची मेहंदी किंवा कायमचा कलर, दोन्हीत उड्या नकोत. आणि कुठलाही रंग असो, कानामागे थोडा लावून ४८ तास वाट पाहायची. आधी दहा वेळा चाललेला रंग अकराव्या वेळी अंगावर उठू शकतो. डोळे-कपाळ सुजलं, पुरळ आलं तर दही-कोरफड चोळत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

उन्हाकडे आपण दुर्लक्ष करतो, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगाचे रेणू तुटतात. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात स्कूटीवरून रोज अर्धा तास जात असाल तर पुढच्या बटा आधी उतरतील. पुण्याच्या मुली गाडीवर डोकं-तोंड गुंडाळून स्कार्फ बांधतात त्याची सगळे टिंगल करतात, पण रंगाच्या दृष्टीने त्यांचं बरोबर आहे. सुती स्कार्फ, त्यावर हेल्मेट. केस उन्हात वाळवायची सवय सोडा, आणि पंचाने फटाफट झटकायचीही. ओला केस फुगलेला आणि नाजूक असतो, झटकण्याने खवले तुटतात. जुना सुती टी-शर्ट घ्या, दाबून पाणी टिपा, सावलीत वाळवा. गोव्याला समुद्रात किंवा इथे पोहायला जाणार असाल तर पाण्यात शिरण्याआधी केस साध्या पाण्याने पूर्ण भिजवा, थोडं खोबरेल लावा, टोपी घाला. आधीच भिजलेला केस क्लोरीनचं किंवा खारं पाणी कमी ओढतो. रंगपंचमीचंही हेच, फक्त तिथे केस कोरडे ठेवून तेल लावा. उजळलेल्या केसात गुलाबी रंग जाऊन बसला की महिनाभर सोबत करतो.

तुमच्या विटकरी टोकांचं आता काय, तर घरच्या गोष्टींनी ती पुन्हा ब्राउन होणार नाहीत. पार्लरमध्ये टोकांना टोनर किंवा अमोनिया नसलेला, कमी व्हॉल्यूमच्या डेव्हलपरचा डेमी, म्हणजे अर्धपक्का, रंग मागा, ‘फक्त डिपॉझिट, लिफ्ट नको’ असं म्हणा, म्हणजे रंग नुसता चढवा, केस आणखी उजळू नका, त्यांना कळेल. शेडमध्ये लाल कमी आणि राखाडीकडे झुकणारा ब्राउन घ्या. नारिंगीला निळा मारतो, त्यामुळे निळा शाम्पू दोन आठवड्यांतून एकदा वापरलात तर मधला काळ बरा जाईल. जांभळा शाम्पू पिवळ्यासाठी असतो, तो तुमच्या कामाचा नाही.

आणि दिवाळी. टच-अप नरक चतुर्दशीच्या आठ-दहा दिवस आधी करून घ्या, म्हणजे अभ्यंगस्नानाच्या आत एक साधं न्हाणं होऊन रंग बसलेला असेल आणि कपाळावरचे डागही गेलेले असतील. दोन-तीन दिवस आधीच केलात तर पहाटे तेल, उटणं, कढत पाणी आणि पुन्हा शाम्पू हे सगळं ताज्या रंगावर पडेल. त्या दिवशी अंगाला हवं तेवढं तेल लावा, डोक्याला बोटांच्या टोकांवर येईल एवढंच. उटणं मानेच्या खालीच ठेवा. त्यात आंबेहळद असते आणि उजळलेल्या टोकांना तिचा पिवळेपणा लगेच धरतो. केसांना नेहमीसारखा मगमध्ये फेटलेला शाम्पू एकदाच, आणि शेवटचं फिल्टरचं पाणी आदल्या रात्रीच भरून ठेवा, कारण त्या पहाटे घरात कोणालाही वेळ नसतो.